गोठ्यातली गाडी

१

जुनी गाडी बघायला जायचं तर सकाळचं जायचं आणि न कळवता जायचं. तानाजीची ही पहिली अट. कळवून गेलं की विकणारा आधीच चार किका मारून इंजिन तापवून ठेवतो, आणि तापलेली गाडी म्हणजे हळद लागलेली नवरी. तिच्यातली खोट दिसतेय कुणाला? म्हणून तानाजी दारात पोचला की रामराम घालायच्याही आधी गाडीपाशी जायचा आणि इंजिनावर तळहात टेकायचा. गार लागलं तर पुढची बोलणी. कोमट जरी लागलं तरी माघारी. मग मागनं "आवं पावनं, च्या तरी घ्या" म्हणून कुणी कितीही गळा काढू दे.

ही पारख बापाची. भाऊसो जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला माणूस. बाजारात मेंढीच्या मानेपासून शेपटीपर्यंत कण्यावरनं हात फिरवायचा, मधेच बोटं थांबवायचा आणि सांगायचा, ही गाभण, ही खोकणार, ही पावसाळा काढणार नाही. लोक हसायचे आणि पावसाळा सरल्यावर गप बसायचे. पुढं तानाजीकडं मेंढरं थोडी उरली आणि माणसं गाड्या घ्यायला लागली, तेव्हा तोच हात चेसीवरनं फिरू लागला. माणच्या कडेच्या त्या गावात कुणी जुनी मोटारसायकल आणली आणि आधी तानाजीला दाखवली नाही, असं व्हायचं नाही. त्याचा त्याला ताठाही होता. "गाडी जाती कशी ते समदी बगत्यात," तो म्हणायचा, "मी बगतो ती परत येती कशी."

आता खुद्द सूरजसाठी गाडी बघायची होती. सूरज धाकटा भाऊ. आई-बाप पाठोपाठ गेले तेव्हा तो नुकता शाळेत जायला लागला होता. तानाजीनं आणि त्याच्या बायकोनं, सोनमनं, त्याला वाढवलं. भाऊ नावाला, खरं तर लेकरूच. साताऱ्याला एमआयडीसीत एका कारखान्यात तो चिकटला होता, पण पहिली एसटी पोचेपर्यंत शिफ्ट सुरू झालेली असायची. सुपरवायझरनं एकदा समजावून सांगितलं, एकदा ओरडून सांगितलं, आता सांगणार नव्हता. गाडी पाहिजेच होती. आणि तानाजीला ती अशी पाहिजे होती की पोराला रोज संध्याकाळी धड अंगानं दारात आणून सोडेल. रंग, आरसे, पिकअप, ते सूरजनं बघावं. तानाजीला एवढंच हवं होतं.

२

फोनवर फोटो आला होता. काळी गाडी, साधी शंभर सीसीची, मालक एकच, नाव नाथाजी. औंधाच्या पल्याड, यमाईचा डोंगर पाठीशी टाकल्यावर एक उघडीबोडकी टेकडी आहे, तिच्या कुशीत वस्ती. दोघं भाऊ एसटीनं उतरले आणि पायी निघाले. वस्तीच्या तोंडाला टपरी होती. टपरीवाला सुपारी कातरत बसला होता.

"नाथाजींचं घर कंचं?" तानाजीनं विचारलं.

"गाडी बगायला?"

"तुमाला कसं कळलं?"

"दुसरं हाय काय तितं बगन्याजोगं?" त्यानं अडकित्ता थांबवला. "घेनार कोन, तुमी?"

"मी घेनार," सूरज म्हणाला.

टपरीवाल्यानं सूरजला खालवर न्याहाळलं. मग तानाजीकडं मान वळवली. "भाऊ का?"

"व्हय. सख्खा."

"लय जीव दिसतोय भावावर."

"असनारच की."

"मग जमतंय," असं म्हणून तो पुन्हा सुपारी कातरायला लागला. दोघं निघाले तेव्हा मागनं बोलला, "वरचं शेवटलं घर. आन पानी हितंच पिऊन जावा. तितं कोन इचारायचं न्हाई."

नाथाजी फाटकातच उभा होता. पलटणीतनं पेन्शनवर आलेला माणूस, पाठ अजून काठीसारखी ताठ, मिशा पांढऱ्या. या म्हणाला नाही, बसा म्हणाला नाही. "फोन न करता आलासा," एवढंच. मग हनुवटीनं गोठा दाखवला.

गोठ्यात जनावर नव्हतं. जमीन झाडून चाटूनपुसून घेतल्यासारखी. शेणाचा पो नाही, वैरणीची काडी नाही. पत्र्याखाली अंधार. भिंतीला दगडी गव्हाण, आणि गव्हाणीकडं तोंड करून गाडी उभी. तिच्या हँडलाला दावं बांधलेलं होतं आणि दाव्याचं दुसरं टोक खुंट्याला.

सूरज हसला. "गाडी बांदून ठेवलीया व्हय आबा? लाथा मारती का?"

नाथाजी हसला नाही.

तानाजी वाकला आणि सवयीनं इंजिनावर तळहात ठेवला.

कोमट.

एरवी तो तिथनंच वळला असता. पण त्याचा हात जागीच राहिला, कारण डोळे दुसरंच काही बघत होते. क्लचच्या दांड्यापासून खुंट्यापर्यंत कोळ्यानं जाळं विणलेलं होतं. टाकीवर धूळ बसलेली होती आणि त्या धुळीवर कुणाचं बोटसुद्धा फिरलेलं नव्हतं. चाकाच्या तारांमध्येही जाळीच जाळी. ही गाडी आज कुणी चालू केलेली नव्हती. काल नाही. कित्येक दिवसांत नाही.

"कवा चालवलीती?"

"आमचा पृथ्वीराज चालवायचा. दिवाळीपास्नं न्हाई."

"का?"

"त्याला आता गरज न्हाई," नाथाजी म्हणाला.

पत्रा तापला असेल, तानाजीनं मनाशी म्हटलं. पण पत्रा तापला असता तर वरची टाकी तापली असती. टाकी रांजणासारखी गार होती. ऊब होती ती खाली, इंजिनाच्या पोटाशी, आणि ती सगळीकडं सारखीही नव्हती. मेंढीच्या पोटाखाली हात घातला की जिथं दूध असतं तिथं जशी ऊब लागते, तशी.

३

त्यानं सगळं बघितलं. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं. काजळी कोरडी, ऑइल जाळत नव्हती. साखळी नीट. समोर उकिडवं बसून एक डोळा मिटून पुढचं चाक आणि मागचं चाक एका रेषेत धरलं, रेष सरळ. चेसीचा नंबर कागदाशी जुळला. पहिल्या किकेला गाडी चालू झाली आणि असा गोड आवाज लागला की सूरजचं तोंड उघडंच राहिलं.

दावं सोडायला नाथाजी पुढं आला नव्हता. "सोडा तुमीच," म्हणाला होता. तानाजीनं गाठ सोडली, दावं खांद्यावर टाकलं आणि गाडी फाटकाबाहेर काढली. एवढा वेळ आतल्या दाराशी एक म्हातारी उभी होती, नाथाजीची बायको, बनुबाई. पाणी हवं का म्हणून तिनं विचारलं नाही. माणदेशी माणूस दुष्काळातसुद्धा दारी आलेल्याला आधी पाणी विचारतो. औंधही काही परमुलूख नाही.

वस्तीचा रस्ता टेकडीला वळसा घालून जायचा. जाताना टेकडी डाव्या हाताला, तिच्या पोटावर नाथाजीचं घर, आणि उजव्या हाताला उतार. मोकळ्या रस्त्यावर तानाजीनं हँडल सैल सोडलं. वाकडी गाडी इथं ओळखू येते. गाडी डावीकडं ओढू लागली. हलकेच, पण ठाम.

पुढच्या चाकाचं दांडकं वाकलंय, त्याला वाटलं. समोरनं दिसलं नाही, पण वाकलंय. एका परीनं त्याला बरं वाटलं, खोट सापडली म्हणून. त्यानं गाडी वळवली आणि परत निघाला. आता टेकडी उजव्या हाताला आली. त्यानं पुन्हा हँडल सैल सोडलं.

गाडी उजवीकडं ओढू लागली.

तानाजीनं ब्रेक लावला. वाकलेलं दांडकं नेहमी एकाच अंगाला ओढतं. ते काय माणूस आहे मत बदलायला? रस्त्याचा कल म्हणावा तर रस्ता उताराकडं कललेला, आणि गाडी ओढत होती चढाकडं. त्यानं वर बघितलं. वर नाथाजीच्या गोठ्याचा पत्रा उन्हात चकाकत होता.

परत आल्यावर त्यानं सूरजला बाजूला घेतलं. "ही नगं रं."

"का नगं?"

"हँडल ओढतंय."

"मग बेरिंग बदलू! दादा, तू आजपातुर कितीक गाड्या दाखवल्यास? हिचं इंजिन भरलंय, तिचं चाक डुलतंय. गावाला बऱ्या गाड्या देतोस आन माज्या टायमाला खोट काडतोस. मी कामाला लागलो ते खपंना का तुला?"

आपल्या हातानं वाढवलेलं पोर असं बोललं की पाठीत धोंडा बसतो. बेरिंगच असेल, तानाजीनं मनाला समजावलं. दोन्हीकडं ढिलं झालेलं बेरिंग. असतं तसं कधी कधी. कधी बघितलं नव्हतं, पण असेल.

व्यवहार चटकन झाला. घासाघीस नाहीच. कागदांवर सह्या झाल्या आणि नाथाजीची नजर तानाजीच्या खांद्यावरच्या दाव्याकडं गेली.

"मेंढरंवालं न्हवं तुमी?"

"कशावरनं वळाकलंत?"

"कण्यावरनं हात फिरवलासा गाडीच्या. मग रीत ठावी असंल."

रीत ठाऊक होती. भाऊसोनं कधी मोडली नव्हती. जनावर विकलं जातं, दावं नाही. घेणाऱ्यानं आपल्या हातानं दावं परत विकणाऱ्याच्या खुंट्याला बांधायचं आणि तोंडानं चांगलं बोलायचं. गाडीला कसली रीत, असं सूरज पुटपुटला. पण कुणीतरी आपला वाडवडिलांचा शहाणपणा ओळखला म्हणून तानाजीची छाती फुलली होती. तो गोठ्यात गेला, खुंट्याला दोन वेढे दिले, मेंढराला घालतात तशी पक्की गाठ मारली आणि म्हणाला, "गोठा भरल्याला ऱ्हावो."

नाथाजीनं डोळे मिटून घेतले.

तेव्हा कुठं बनुबाई पाणी घेऊन आली. लख्ख घासलेला तांब्या, वर गुळाचा खडा. तानाजीला दिलं. सूरजकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

४

घरी येताना तानाजी चालवत होता. टेकडी डावीकडं असली की हँडल डावीकडं, उजवीकडं आली की उजवीकडं. ती पुरती पाठीमागं पडली तेव्हा हँडल एकाएकी हलकं झालं. त्याला वाटलं, सुटलो. मग ते डाव्या अंगानं थोडं वळलं, मग उजव्या अंगानं थोडं, पुन्हा डाव्या. जसं एखादं जनावर कुठल्या बाजूनं मान मागं वळवावी ते अजमावतं. घर येईपर्यंत त्याचे दंड भरून आले होते.

अंगणात सोनमनं गाडीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. तानाजीनं हँडल वाकवून कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या उशाला ठेवली.

दिवस उगवताना तो बाहेर आला तर वाड्यातली मेंढरं वाड्यात नव्हती. काटेरी झापा सरकवून ती अंगणात आली होती आणि गाडीभोवती गोल करून बसली होती. ओरडत नव्हती, चरत नव्हती. थंडीत शेकोटीपाशी बसावं तशी इंजिनाला पाठी लावून सुखानं रवंथ करत होती. आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला होती. औंधाच्या.

गाडीचं हँडलही त्याच बाजूला होतं. कुलूप लावलेलंच होतं. तानाजीनं ते काल उजवीकडं वाकवून लावलं होतं, की डावीकडं? उजवीकडंच. बहुतेक उजवीकडंच. माणूस दमलेला असला की हात काय करतो ते डोक्याला कळत नाही.

त्यानं मेंढरं दामटून बाजूला केली आणि इंजिनाला हात लावला. रात्रभर उभं राहूनही ते कोमट होतं; हात लावायला नको होता.

५

सुरवातीचे दिवस बरे गेले. सूरज पहाटे निघायचा, दिवेलागणीला यायचा. रोज परत यायचा; तानाजीला पाहिजे होतं तेच घडत होतं. तरी सोनम एकदा कपडे धुताना म्हणाली, "आवं, ह्याच्या कंपनीत जनावरं हायती का?"

"असं का इचारतीस?"

"बगा की वास. गोठ्याचा येतोय. आन खिशात ह्यो कडबा."

तानाजीनं मीटर बघितला. गाडी घेतली तेव्हाचा आकडा त्याच्या डोक्यात पक्का होता; असले आकडे तो विसरत नसे. साताऱ्याला रोज जाऊन येण्याइतका मीटर फिरलेला नव्हता. औंधाच्या पल्याड जाऊन येण्याइतका मात्र फिरलेला होता.

त्याच दुपारी सुपरवायझरचा फोन आला. "तुमच्या भावाला कामाची गरज नसेल तर तसं सांगा, दुसरा माणूस घेतो. गाडी घेतली म्हणाला आणि त्या दिवसापासून तोंड नाही दाखवलं."

संध्याकाळी सूरज जेवायला बसला तेव्हा तानाजीनं आवाज चढवला नाही. "कुटं जातोस रं रोज?"

"कंपनीत."

"फोन आलता."

"कुनाचा का येईना. तुला ठावं न्हाई व्हय मी कुटं असतो?" सूरज खरोखरच चकित झाला होता. खोटं बोलणारं पोर तानाजीला कळलं असतं. हे खोटं नव्हतं. "तूच तर असतोस की संगं. दुपारची भाकरी आपन संगंच खातो."

चुलीपाशी सोनमचा हात थांबला.

"मी? मी तर हितं असतो. मेंढरामागं."

सूरजनं ताट पुढं ढकललं. "ह्येच. ह्येच मला कळंना झालंय. तितं कसा मायेनं बोलतोस. पाटीवरनं हात फिरवतोस, म्हनतोस घाई करू नगो, जीवाला जप. आन घरी आलास का निराळाच. हितं आलास का नुसता खेकसतोस. हितला तू मला आवडत न्हाईस दादा."

रात्री तानाजीनं किल्ली काढून विहिरीत टाकली. सकाळी तो उठला तेव्हा गाडी नव्हती. सूरजही नव्हता.

६

एसटीनं उतरून तो टेकडी चढला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. टपरी बंद होती. नाथाजीच्या फाटकात काळी गाडी उभी होती, किल्लीशिवाय. तोंड गोठ्याकडं.

ओसरीवर एक तरुण मुलगा भिंतीला टेकून बसला होता. अंगावर मांस नाही, केसांत कडब्याचा भुगा, आणि उजेड सोसत नसल्यासारखे डोळे किलकिले. बनुबाई त्याला घास भरवत होती. तिनं तानाजीला बघितलं आणि घास तसाच हातात राहिला.

"आई कुटाय?" तो मुलगा म्हणाला.

"ही काय हितं, तुज्यापुढं हाय की रं पृथ्वीराज. खा बाळा."

"तू न्हाई." तो तिच्या खांद्यावरनं गोठ्याकडं बघत होता. "आई."

नाथाजी घरातनं बाहेर आला आणि तानाजीच्या आणि पोराच्या मधे उभा राहिला.

"माजा भाऊ कुटं हाय?"

"कामावर असंल."

"आबा, तुमची गाडी तुमी ठेवा. पैशे नगंत मला, काय बी नगं. भाऊ तेवडा माजा द्या."

"आमी काय बांदून आनलाय तुमचा भाऊ?" नाथाजीचा आवाज कवायतीतल्यासारखा कोरडा होता. "गाठ कुनी मारली? तोंडानं कोन बोललं? आमी म्हनलो का?"

"तुमीच बोलाय लावलंत!"

"तुमाला भाऊ हाय," बनुबाई ओसरीवरनं म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता ना दया. "मला पोरगा हाय, दिवाळीपास्नं आत व्हता. जावा आता."

तानाजीनं नाथाजीला ढकललं आणि गोठ्याकडं धावला. दार आतनं लावलेलं होतं. दाराच्या फळ्यांना फट होती. त्यानं फटीला डोळा लावला.

आधी नुसता अंधार. मग गव्हाण दिसली, मग गव्हाणीला टेकून बसलेला सूरज. कंपनीचा निळा शर्ट अंगात. मांडीवर फडकं, फडक्यात सोनमच्या हातची भाकरी. तो ती मोडून अर्धी आपण खात होता, अर्धी अंधारात पुढं करत होता. हसत होता. लहानपणी जसा हसायचा तसा, पोटातनं. कितीतरी दिवसांत तानाजीनं ते हसू ऐकलं नव्हतं.

आणि सूरजच्या पाठीवर एक हात होता.

मानेपाशी सुरू झाला. मणक्यामणक्यावरनं सावकाश खाली आला. मधेच बोटं थांबली, थोडी दाबली गेली, पुन्हा पुढं सरकली. घेणारा माणूस जनावर पारखतो तसा. तानाजीला तो हात ओळखू आला, कारण असा हात फिरवणारी माणसं जगात दोनच झाली. त्यातला एक माळावर पुरलेला होता आणि दुसरा दाराबाहेर उभा होता. मनगट दिसलं. कोपर दिसलं. कोपराच्या मागं जिथं खांदा यायला पाहिजे तिथं अजून हातच होता, आणि तो अंधारात लांबवर गेला होता, गोठ्याची भिंत जिथं संपायला पाहिजे होती त्याच्याही पल्याड.

"सूरज!"

सूरजनं मान वर केली. हसू गेलं. फटीतनं त्याची नजर थेट तानाजीच्या डोळ्याला भिडली.

"कोन पायजे?"

"अरं मी! तुजा दादा!"

सूरजच्या कपाळाला आठी पडली. त्यानं अंधाराकडं तोंड वळवलं. "दादा, कोन तरी आलंय बग. तुजं नाव सांगतंय."

मग गोठ्यातनं उत्तर आलं. तानाजीच्याच आवाजात. माणसाला आपला आवाज बाहेरनं ऐकायची सवय नसते, म्हणून आधी त्याला वाटलं की आपणच बोललो. त्यानं ओठांना हात लावून बघितलं. ओठ मिटलेले होते.

"हाकल त्याला," तो आवाज म्हणाला, मायेनं.

सूरज उठला. दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात धोंडा होता. पहिला खांद्याला लागला, दुसरा कपाळाला. तानाजी भाऊ म्हणून हाका मारत राहिला आणि सूरज चोर म्हणून ओरडत राहिला, फाटकापर्यंत, उतारापर्यंत, रस्त्यापर्यंत. वस्तीतली माणसं दारात आली होती. एका बाईनं तेवढं पोरांना म्हटलं, बगू नगासा.

७

एसटीत कंडक्टरनं त्याच्या कपाळाचं रक्त बघून विचारलं, तेव्हा तानाजी पडलो म्हणाला. आणि खरंच पडलो असेन, असं त्याचं त्यालाच वाटत राहिलं. ऊन लागलं असेल. फटीतनं किती दिसतं? पोराला वाईट संगत लागली असेल, नशापाणी. तसलं पोर सख्ख्या बापालाही ओळखत नाही. आवाजाचं काय, दगडी भिंतीत आपलाच आवाज घुमून परत येतो. पोलिसात जायचं, उद्या गावातली चार माणसं न्यायची, पोराला उचलून आणायचं. एकेक गोष्ट जुळत होती. नुसता तो हात कशात बसत नव्हता.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती, पण लाईट गेलेली. सोनम परड्यात मेंढरं कोंडत होती, तिची हाळी ऐकू येत होती. तो आत जाऊन भिंतीला टेकून बसला. पाणी पिऊन मग सांगू, म्हणाला. थोडा दम खाऊ.

तेवढ्यात लांबवर गाडीचा आवाज आला.

त्याच्या अंगात जीव आला. येतोय. पोर येतंय. काही झालं तरी रोजच्या वेळेला घरी येतंय. तो उठायला लागला आणि अर्धवट उठलेलाच थांबला. एकट्या माणसाला वाहणारं इंजिन एक बोलतं, दोघांना वाहणारं इंजिन दुसरं बोलतं. चढावर तर आंधळ्यालाही कळेल. गाडी गावाचा चढ चढत होती. तिच्यावर दोघं होते.

गाडी अंगणात आली. बंद झाली. परड्यातनं मेंढरं एका सुरात ओरडली, रानातनं आलेल्या धन्याला बघून ओरडतात तशी.

"वैनी, आलो गं!" सूरजचा आवाज. हलका, खुशीतला.

"अगं बाई, आज दोगंबी संगंच?" सोनमच्या बांगड्या वाजल्या. "सकाळपास्नं कुटं गायब झाल्तासा तुमी? सांगून तरी जायचं. आन चेहरा असा काय उजळलाय तुमचा?"

कुणीतरी काहीतरी बोललं. हळू. सोनम हसली, लग्नाच्या नव्या दिवसांत हसायची तशी. तानाजीनं दाराकडं जायचं ठरवलं, ओरडायचं ठरवलं, सोनमला धरून आत ओढायचं ठरवलं. पण बाहेरनं आपलाच आवाज येत असताना माणसानं कुठल्या आवाजात ओरडायचं?

"बसा, च्या टाकते," सोनम म्हणाली. उंबऱ्यावर तिचं पाऊल वाजलं. तिनं हातातला मोबाईल वर धरला, त्याचा उजेड कोनाड्यावर पडला, चुलीवर पडला, मग भिंतीवरनं सरकत सरकत तानाजीच्या रक्ताळलेल्या तोंडावर येऊन थांबला.

"सोनम," तो म्हणाला.

तिनं उजेड हलवला नाही. नजरही हलवली नाही. एकेक पाऊल मागं घेत, दारापाशी पोचून तिनं बाहेर हाक दिली.

"आवं, जरा हिकडं या. आत कोन तरी बसलंय."